मुख्य चालकाचा रकाना

४ मार्च

प्रिय खटपटी,

मामाचे आशीर्वाद आधी घे आणि हातातला पाना क्षणभर खाली ठेव.

तुला वाटेल, म्हाताऱ्याने फोन का नाही केला? फोनवर तू नुसतं "हं, हं" म्हणतेस आणि मागे कुणाचं तरी इंजिन तुझ्यापेक्षा मोठ्याने बोलत असतं. पत्रासाठी निदान हात तरी पुसशील.

गेल्या मंगळवारी शहरातून परत येत होतो. मामी शेजारी. सूर्य टेकडीआड कलला होता, वारा पडला होता, आणि मी चौथीच्या वर्गाला शिकवायचो ती संध्याकाळची कविता नुकतीच म्हणायला घेतली होती. दुसऱ्या कडव्यात मागचं डावं चाक बसलं. मामी म्हणाली, "चाकालाही पाठ झालीय ती."

जॅक लावला, चाक काढलं, इथवर सगळं ठीक. पण आपल्या गाडीची चाकं बोल्टांवर आहेत. हबला, म्हणजे चाक जिच्यावर बसतं त्या तबकडीला, नुसती चार भोकं. चाक दोन्ही हातांनी अधांतरी धरायचं, भोकासमोर भोक आणायचं, आणि मग तिसऱ्या हाताने बोल्ट घालायचा. हा तिसरा हात देवाने कुणाला दिलाय ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी मामी रस्त्यावर पिशवी टाकून बसली आणि तिने पायाच्या चवड्यावर चाक तोलून धरलं. अडुसष्टाव्या वर्षी! चाळीस मिनिटं आम्ही दोघं त्या चाकाशी झटत होतो. मग दुधाचा टँकर थांबला, ड्रायव्हर उतरला, म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा," आणि तीन मिनिटांत चाक बसवून गेला. आजोबा म्हणाला त्याचं काही नाही. बाजूला व्हा म्हणाला, ते लागलं.

दुसऱ्या काही गाड्यांना हबमधूनच चार खुंट्या बाहेर आलेल्या असतात ना, ते स्टड? चाक त्यांच्यावर टोपीसारखं अडकवायचं आणि वरून नट फिरवायचे. तसे आपल्या गाडीला करता येतील का? समजा, कधी मामी एकटीच असली वाटेत, तर तिला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये.

लहानपणी माझं गजराचं घड्याळ सुटं करून "आत वेळ नाहीच आहे" असं रडत सांगणारी पोरगी आज दहा माणसांचं गॅरेज चालवते. तेव्हा तुलाच विचारतो.

तुझा,
मामा

ता. क. अक्षर जरा मोठं आलंय. पेन नवीन आहे, टोक जाड आहे.

---

११ मार्च

मामा,

नमस्कार, आणि हात पुसलेत. तरी कोपऱ्यावर काळा अंगठा दिसला तर तो माझा समजा.

आधी तुमचा तिसरा हात. तो दुकानात मिळतो. एक लांब गुळगुळीत पिन असते, टोकाला आटे असलेली. हबच्या वरच्या भोकात ती हाताने फिरवून बसवायची, चाक तिच्यावर अडकवायचं, उरलेल्या तीन भोकांत बोल्ट घालायचे, मग पिन काढून तिथे चौथा. गाडीत काहीही बदल नाही, कुणाची परवानगी नको. दहापैकी नऊ जणांना मी हेच सांगते. तुम्हीही हेच करा.

तरीही स्टडच हवे असतील तर ऐका. होतं ते, पण "बसले की झालं" असं नाही होत. चाक म्हणजे खिडकीचा पडदा नव्हे.

स्टड तुमच्या हबच्या आट्यांना जुळणारा हवा आणि चांगल्या पोलादाचा, सोबत कारखान्याचं प्रमाणपत्र असलेला. हबमध्ये तो पुरता रुतला पाहिजे, पण मागून बाहेर येऊन कशाला घासता कामा नये. बसवताना आटे कोरडे, स्वच्छ, आणि हबच्या बाजूला पकड धरणारा चिकट द्राव. नाहीतर नट काढायला जाल आणि स्टडच बाहेर येईल. नट स्टडवर किमान आठ पूर्ण फेरे चढला पाहिजे. आणि नटाचं बूड तुमच्या चाकाच्या खळग्यासारखंच हवं. काही खळगे निमुळते असतात, काही वाटीसारखे गोल. गोल खळग्यात निमुळता नट घट्ट वाटतो, पण टेकलेला असतो फक्त एका कडेवर. असं चाक वाटेत सुटतं.

आता कायदा. बोल्ट काढून स्टड लावले की गाडी कंपनीने केली तशी राहत नाही, ती बदललेली गाडी होते. आपल्याकडे आधी तपासणी केंद्रात लेखी अर्ज, मंजुरी आली की नोंदणी असलेल्या गॅरेजात काम, मग तपासणी, मग गाडीच्या कागदांवर नोंद, आणि विमावाल्यांना लेखी कळवायचं. यातली एक पायरी गाळलीत आणि उद्या काही झालं, तर ते हात वर करतील आणि त्यांचं बरोबर असेल. कागदावर जे आहे तेच गाडीवर असलं पाहिजे. तोवर पान्याला हात लावायचा नाही.

एक विचारू? चाळीस वर्षं तुम्ही याच गाडीची चाकं बदलताय, एकदाही कुरकुरला नाहीत. आणि मामी एकटी वाटेत कशाला असेल? ती तर गाडी चालवत नाही.

तुमची,
खटपटी

---

२४ मार्च

प्रिय खटपटी,

तुझ्या पत्रातली "हात लावायचा नाही" ही ओळ वाचली, पण तोवर हात लावून झाला होता. रागावू नकोस. रागावलीस तरी पुढे वाच.

बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानात सहज डोकावलो होतो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला, सातवी ब. वर्गात बाकाखाली लपून खायचा तो. म्हणाला, "सर, हे सगळ्या गाड्यांना बसतात." आता ज्याला मी मात्रा मोजायला शिकवलं तो माझ्याशी खोटं कशाला बोलेल? (मात्रा त्याला कधीच जमल्या नाहीत, हे घरी आल्यावर आठवलं.) प्रमाणपत्राचं मात्र त्याने नाव काढलं नाही, मीही नाही.

एकाच चाकाला लावलेत, पुढच्या उजव्या. प्रयोग म्हणून. आटे सुकेसुके दिसले, म्हणून मामीच्या शिलाई यंत्राचं तेल थेंब थेंब सोडलं. नट असे मऊ फिरले म्हणून सांगू! आणि फेरे मी मोजलेत हं. तुला आठवतं, सुट्टीत तुम्हा मुलांना जिन्यावर बसवून मी भुजंगप्रयात म्हणवून घ्यायचो? लगागा लगागा लगागा लगागा. बारा अक्षरं. मनगटाच्या दर वळशाला एक अक्षर. प्रत्येक नट बरोबर एका चरणात बसला, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. तू आठ म्हणालीस, माझे बारा. तेव्हा काळजी नको.

तुझी ती पिन नको. पिन लावली तरी बोल्टांसाठी चाकाच्या आतलं भोक हुडकायला लागतं, तिथे अंधार असतो. स्टड कसा, बोटांना सापडतो. नट त्याच्यावर ठेवला की आपसूक वाट धरतो. मी डोळे मिटूनसुद्धा बसवून पाहिला.

चाळीस वर्षं कुरकुरलो नाही म्हणतेस. अगं, चाळीस वर्षं हात माझे होते, आता ते त्यांच्या मर्जीचे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात.

काल तळ्यापर्यंत एक फेरी मारून आलो. पाण्यावर उन्हाचे तुकडे हलत होते. गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. परत येताना फाटकाचा खांब जरा जवळ आला, तेवढंच.

तुझा,
मामा

---

२८ मार्च

मामा,

गाडी हलवू नका. हे पत्र हातात पडल्या क्षणापासून ती जिथे उभी आहे तिथे उभी राहील. फोन केला होता, तुम्ही "आवाज येत नाही" म्हणून ठेवलात. आवाज येत होता.

मामीला बाहेर बोलवा. एका नटावर खडूने रेघ काढा, आणि ती रेघ फिरून पुन्हा वर आली की एक, असं मोजत तो नट तिला काढू द्या. तुम्ही नाही. तिला. किती झाले ते तिनेच मला लिहावं. नटाचं बूड आणि चाकाचा खळगा सारखे आहेत का, तेही तिने बघावं. तेल लावलेले आटे पुसून काढा. तेलाने नट मऊ फिरतो म्हणूनच तो नको तितका आवळला जातो आणि पोलाद ताणलं जातं. मऊ फिरणं ही कौतुकाची गोष्ट नाही, मामा.

आणि पेनाचं टोक जाड नाही. टोक जाड असतं तर शाई जाड आली असती. अक्षर मोठं आलंय, आणि तिसऱ्या पानावर एक ओळ दुसऱ्या ओळीच्या अंगावर चढलीय. ज्या माणसाने मला 'मी'चा दीर्घ ईकार शिरोरेघेला नीट टेकेपर्यंत शंभर वेळा लिहायला लावला, त्याच्या ओळी एकमेकींवर चढत नाहीत.

काय झालंय?

खटपटी

---

२ एप्रिल

अगं खटपटी,

तुझं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं, पण शेवटचं पान खिशात ठेवलं. मी ते धुण्याच्या वेळी वाचलं. तेव्हा दोन्ही गोष्टींची उत्तरं देते, आधी सोपी.

सहा. खडूची रेघ सहा वेळा वर आली, चौथ्या नटाला सहा आणि थोडं. हे बाराच्या गोष्टीवर अडून बसले होते. मग मी म्हटलं, "मला एकदा करून दाखवा." तर प्रत्येक अक्षराला मनगट अर्धाच वळसा घेतं! सबंध वळसा कुणाच्याच मनगटाला जमत नाही. म्हणजे बारा अक्षरं, सहा फेरे. हे पायरीवर बसले. मग म्हणाले, "वृत्त बरोबर होतं." मी म्हटलं, "वृत्त बरोबर, चाक चूक." प्रयोगशाळेत तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं मी. थेंबभर चुकलं तर माणूस चुकतो.

खळगे गोल आहेत, नट निमुळते. त्यांच्या बुडाला नुसती एक बारीक चकचकीत रेघ उमटलीय. म्हणजे तू म्हणालीस तसंच, एका कडेवर. हे त्याच नटांवर तळ्यापर्यंत गेले होते. 

स्टड काढले, हबचे आटे चिंधीने आणि ब्रशने कोरडे केले, आणि गाडीच्या पुस्तकात बघून जुने बोल्ट समोरासमोर आवळत परत लावले. एकटीने. माझा उजवा खांदा वर जात नाही तुला ठाऊक आहे. चाक विटांवर तोलून धरायला पाऊण तास लागला. गाडी हलवलेली नाही.

आता दुसरी गोष्ट. ह्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग धरतोय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट. डॉक्टरांनी जानेवारीतच कार्डावर लिहून दिलंय, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन आणि वाहन चालवू नये. ते कार्ड ह्यांनी मोठ्या शब्दकोशात लपवलं. त्या शब्दकोशावरची धूळ इतकी वर्षं कोण पुसतंय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तू विचारशील, मामी, मग तू शेजारी कशी बसत होतीस? बसत होते. गप्पा मारल्यासारखा रस्ता वाचून दाखवत होते. "बघा, उजवीकडून सायकलवाला कसा निवांत येतोय." "सिग्नल किती लालभडक असतात हो हल्ली." ह्यांना वाटायचं, बायको बोलकी झालीय. मला वाटायचं, ते स्वतः सांगतील. चुकलं माझं. कुणाच्या तरी पोराच्या अंगावर गाडी गेली असती तर माझं हे समजूतदारपण काय कामाचं? तुझं "हलवू नका" आलं आणि मला आधार मिळाला. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. सांगितलंय, भाचीचं फर्मान आहे, ती म्हणेपर्यंत मिळणार नाही.

आणि तू मला "चालवत नाही" म्हणालीस ते खरं, पण परवाना आहे माझ्याकडे. चाळीस वर्षं दर वेळी मुदत वाढवून घेतलीय. का, ते मला विचारू नकोस. तीन आठवडे झाले, रोज सकाळी शिकवणीच्या गाडीवर जाते. ह्यांना सांगितलंय, ग्रंथालयात. काल मला गाडी उलटी घेऊन उभी करता आली.

मला स्टड हवेत गं. खरे, तू सांगशील ते, सगळ्या सह्याशिक्क्यांनिशी. ह्या खांद्याने मी दुसऱ्यांदा चाक तोलू शकणार नाही, आणि दर महिन्याला त्यांना न्यायचंय. पण ह्यांना मी काही विचारणार नाही. त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तूही बोलू नकोस.

तुझी,
मामी

---

९ एप्रिल

ती. मामांना,

मामीचं मोजमाप मिळालं. यापुढे माझ्या गॅरेजात फेरे मोजायला तिला बोलावणार आहे, तुम्ही चहाच्या वेळी कवितेला या.

स्टडचं आपण रीतसर करू. गोल बुडाचे नट आणि तुमच्या हबला जुळणारे लांब स्टड मी मागवलेत, प्रमाणपत्रांसकट. सोळा आणि सोळा. मंजुरी आली की एका रविवारी मी स्वतः येऊन बसवते. मामीला मी एक टॉर्क पाना आणून देईन, तुमच्या नटांचं माप सांगून. त्यावर आकडा लावला की तेवढा जोर झाल्यावर तो 'टक' करतो, त्यापुढे दाबायचं नाही. शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे.

सोबत अर्ज आहे. पहिली दोन पानं मी भरलीत. तिसऱ्या पानावर तुमची सही लागेल, गाडी तुमच्या नावावर आहे म्हणून. त्याच पानावर एक रकाना आहे, 'मुख्य चालक'. गाडी प्रामुख्याने कोण चालवणार, त्याचं नाव आणि मालकाशी नातं. हेच नाव विमावाल्यांकडे जातं.

तो रकाना मी भरलेला नाही. तो रिकामा सोडला तर अर्ज परत येईल. खोटा भरला तर परत येणार नाही, आणि ते जास्त वाईट.

तुम्ही सावकाश भरा.

खटपटी

---

२७ एप्रिल

प्रिय खटपटी,

अर्ज एकदा परत आला. मी तो रकाना रिकामाच ठेवून पाठवला होता. वाटलं, सरकारी माणूस आहे, एवढं कोण बघतो? त्याने लाल शाईने गोल काढून पाठवलाय. आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांवर असे गोल काढले, आज कळलं ते कसं दिसतं. तेही नीट दिसलं नाही, म्हणून तुला हे लिहितोय.

तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. शेवटचं पान मी खिशात ठेवलं होतं, धुतल्यावर ते घडी घालून मेजावर परत आलं. ह्या घरात कुठल्या पानाला पाय फुटतात ते मी ओळखतो.

पुस्तक उघडलं की शब्दाच्या मधोमध धुकं असतं. कडेची अक्षरं दिसतात, मधलं अक्षर जातं. कविता पाठ आहेत म्हणून मी वाचत असल्यासारखा बसतो. मामी येऊन बघते, मी पान उलटतो. रस्त्याचं तसं नाही गं. रस्ता पाठ नसतो.

मी एवढे दिवस कुणापासून लपवत होतो? डॉक्टरापासून नाही, तुझ्यापासूनही नाही. एक जुनी गोष्ट आहे, ती कुणाला सांगितलेली नाही.

गाडी घेतली त्या वर्षी मामीने माझ्याआधी परवाना काढला. माझ्यापेक्षा चांगली चालवायची. मी गिअर टाकला की गाडी उचकी द्यायची, तिने टाकला की कळायचंही नाही. महिनाभर तीच मला शाळेत सोडायची. फाटकाशी मुलं उभी असायची, एक-दोन शिक्षकही. एकदा ती सगळी नुसतीच हसली. दुसऱ्या दिवशी शाळा जवळ आली तसं मी म्हटलं, "थांब, चौकापासून मी घेतो." तिने गाडी थांबवली, उतरली, वळसा घालून शेजारी येऊन बसली. मग रोजच चौकापासून मी. मग घरापासूनच मी. तिने कधी परत मागितली नाही आणि मी कधी विचारलं नाही. एवढंच. चाळीस वर्षं झाली. ज्या माणसाने वर्गात "समतेची कविता" शिकवताना डोळे पुसले, त्याची ही गोष्ट.

आता ती गाडी तिच्या हातात द्यायची, आणि तीही केव्हा? मला दिसेनासं झालं म्हणून. पिकलं पान गळतं तसं. दिसत होतं तेव्हा दिली असती तर त्याला देणं म्हटलं असतं. हीच लाज होती. स्टड हवे होते ते यासाठीच. म्हटलं, तिच्यासाठी निदान चाकं तरी सोपी करून ठेवू, बाकीचं बोलावं लागणार नाही.

परवा दुपारी तिला अंगणात बोलावलं. ती मटार सोलत होती, ताट घेऊनच आली. मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "शब्दकोशातलं ना?" मी म्हटलं, "ते एक. पण त्याच्याही आधीचं." आणि शाळेच्या चौकाचं बोललो.

ती सोलायची थांबली. म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्हाला आठवतही नसेल."

"रोज आठवायचं."

"मग रोज का नाही बोललात?"

मी ताटातली एक शेंग उचलली. मग तीच म्हणाली, "मी उतरले तेव्हा मला फार राग आला होता. तो जायला दोन वर्षं लागली. नंतर सवय झाली. राग बरा होता, सवय वाईट." खटपटी, मला त्यावर कुठलीही ओळ आठवली नाही. तिचा हात मात्र धरला. मटाराचे दाणे पायाशी सांडले, ते वेचायला तिने वाकू दिलं नाही. म्हणाली, "राहू द्या, चिमण्या खातील. तुम्हाला दिसायचे नाहीत आणि माझ्याने वाकवायचं नाही." मग दोघंही हसलो.

मग तिने ग्रंथालयाचं सांगितलं. मला वाटलंच होतं, सहा आठवडे ग्रंथालयात जाते आणि एकही पुस्तक आणत नाही!

रकाना मी भरलाय. माझ्या हाताने. तिने पट्टी धरली, मी पट्टीच्या कडेने लिहिलं. नाव तिचं. नातं: पत्नी. ओळ जरा चढलीय, पण वाचता येते. आज पोस्टात टाकतो.

तुझा,
मामा

---

३१ मे

अगं खटपटी,

तू रविवारी येऊन गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. तुझ्या हाताखाली सोळा स्टड बसवताना जे शिकले ते सगळं वहीत लिहून ठेवलंय. नट दहा फेरे चढतात, खडूने मोजले.

सोमवारी तपासणी झाली. निरीक्षक बाई होत्या. त्यांनी एक चाक उतरवलं, हबच्या मागून हात घालून बघितलं, प्रमाणपत्राचा नंबर स्टडच्या टोकावरच्या नंबराशी ताडला. मग म्हणाल्या, "मुख्य चालक कोण? चाक त्यांनी परत बसवून दाखवायचं." हे पुढे सरसावले. सवयीने गं. दोन पावलं गेले आणि थांबले. मग हातातली टोपी छातीशी धरून मागे झाले आणि मला म्हणाले, "या बाईसाहेब." मी चाक अडकवलं, नट फिरवले, समोरासमोर आवळले. नऊ मिनिटं. बाईंनी शिक्का मारला. विमावाल्यांचंही पत्र आलं, बदल नोंदवला म्हणून.

आज पहिल्यांदा दूर नेली. डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत एकशे चार किलोमीटर. तिथे पोचल्यावर ह्यांना आत पाठवलं आणि मी वाहनतळावर सोळाही नट तपासले. एकही ढळला नव्हता. शेजारच्या गाडीतला गृहस्थ काच खाली करून म्हणाला, "मदत करू का?" मी म्हटलं, "तुमच्या गाडीचे तपासून देऊ का?" त्याने काच वर केली.

जाताना पहिले दहा किलोमीटर ह्यांचा पाय पायपुसणीत ब्रेक शोधत होता. प्रत्येक वळणाला हुं:, प्रत्येक ट्रकला अगं अगं. मी म्हटलं, "रस्ता मी वाचू की तुम्ही?" तेव्हा पाय मागे घेतला. येताना डोळ्यावर पट्टी होती, तरी बोलत होते. डाव्या बाजूला आता पिवळी फुलं असतील, एक पडकं गोदाम येईल, त्यापुढे पूल. सगळं बरोबर सांगत होते, क्रमाने. पूल ओलांडला आणि बोलणं थांबलं. मला वाटलं, इंजेक्शनचं दुखतंय. पाहिलं तर मान दाराला टेकलेली आणि तोंड उघडं.

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, गाडीत झोपलेला हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. आगगाडीत नाही, बसमध्ये नाही. दुसऱ्याच्या हातात चाक असलं की ह्यांना झोप येत नाही, असं मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं.

मी वेग कमी केला. मागच्याने भोंगा वाजवला, वाजवू दे म्हटलं. खड्डे चुकवत चुकवत आणली.

घरासमोर पोचून वीस मिनिटं झाली. इंजिन बंद केलंय. पर्समधली वही काढून हे लिहितेय. फाटक उघडायला उतरले तर दार वाजेल. आत जाऊन चहा टाकायचाय, औषधाचा थेंब घालायची वेळही होत आलीय, अजून दहा मिनिटं आहेत.

तोवर मी इथेच बसते.

तुझी,
मामी